विंडो : वारा, डोळा आणि एका जोडशब्दाची वंशावळ

इंग्रजीतले काही जोडशब्द बघताक्षणी उकलतात. ‘ब्लॅकबोर्ड’, ‘रेनकोट’, ‘फुटबॉल’ यांचे दोन तुकडे शाळकरी मूलही वेगळे करून दाखवेल. काही मात्र इतके झिजलेले असतात, की हे कधीकाळी दोन शब्द होते अशी शंकाही येत नाही. ‘विंडो’ हा त्यांतला एक. मराठीला ही झीज नवी नाही. कुंभारात ‘कुंभकार’ आहे, सोनारात ‘सुवर्णकार’ आहे, देवळात ‘देवकुल’ आहे आणि माहेरात ‘मातृगृह’. रोज तोंडात असणारे हे शब्द आपण अखंड समजूनच वापरतो.

‘विंडो’चे दोन तुकडे म्हणजे वारा आणि डोळा. जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेत, म्हणजे व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेत, ‘विंदर’ म्हणजे वारा आणि ‘आउगा’ म्हणजे डोळा. दोन्ही मिळून ‘विंदाउगा’, वाऱ्याचा डोळा. एवढी माहिती पुष्कळांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. पण जोडशब्दाला एक नाही, दोन वंशावळी असतात, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. एक त्यातल्या घटकांची आणि दुसरी त्यांच्या जोडणीची. दोन्हींची वयं वेगळी, गावं वेगळी. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली तर कापड आजीच्या काळचं असतं आणि टाका कालचा. दोन्हींचं वय एकच धरलं की शब्दांच्या इतिहासात मोठे घोटाळे होतात, आणि असे घोटाळे संस्कृत आणि इंग्रजीच्या नात्याबद्दल आपल्याकडे वारंवार होतात. म्हणून ‘विंडो’कडे जरा निवांत बघायला हवं.

आधी जोडणी. इ.स. ७९३ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ व्हायकिंगांनी लुटला. पुढची सत्तर वर्षं असे हल्ले होत राहिले. ८६५ मध्ये मात्र मोठं डेनिश सैन्य आलं ते मुक्काम करायलाच. ८६६ मध्ये त्यांनी यॉर्क घेतलं. ८७८ मध्ये वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने एडिंग्टनच्या लढाईत त्यांना हरवलं, तरी उत्तर आणि पूर्व इंग्लंडचा मोठा पट्टा डेन लोकांच्याच ताब्यात राहिला. तिथे त्यांनी शेती केली, लग्नं केली, गावं वसवली. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या नावांमधला ‘बी’ म्हणजे नॉर्स भाषेत वस्ती, गाव.

लुटारूंकडून माणसं शब्द घेतात ते लढाईचे. शेजाऱ्यांकडून घेतात ते घरातले. इंग्रजीने नॉर्समधून उचललेले शब्द पाहिले की हे सहवासाचं नातं कळतं. एग, नाइफ, स्किन, लेग, स्काय, हजबंड हे सगळे तिकडचे. एवढंच काय, ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामंही तिकडचीच. आपली सर्वनामं सोडून शेजाऱ्याची घेणं ही भाषेच्या इतिहासात फार क्वचित घडणारी गोष्ट आहे. दोन्ही भाषा एकमेकींच्या इतक्या जवळच्या होत्या, की बोलणाऱ्यांना एकमेकांचं बरंचसं समजत असणार. अशा घरगुती शब्दांच्या लोंढ्यातच ‘विंदाउगा’ इंग्रजीत शिरला.

लेखी इंग्रजीत तो दिसतो तो मात्र इ.स. १२००च्या सुमारास. मधली तीनशे वर्षं तो कुठे होता? लोकांच्या तोंडी होता. त्या काळचं बहुतेक इंग्रजी लिखाण दक्षिणेकडच्या वेसेक्सच्या बोलीत होई, आणि डेन लोकांची वस्ती असलेल्या भागातलं बोलणं कागदावर फारसं उतरत नसे. १०६६ नंतर फ्रान्सहून आलेल्या नॉर्मनांच्या राज्यात तर लेखनाची सूत्रं लॅटिन आणि फ्रेंचकडे गेली. इंग्रजी पुन्हा भरघोस लिहिली जाऊ लागली तेव्हा ही मुरलेली पाहुणी मंडळी एकदम उजेडात आली. शब्द पहिल्यांदा लिहिला गेल्याची तारीख आणि त्याच्या जन्माची तारीख यांत असं मोठं अंतर असू शकतं.

इंग्रजांकडे खिडकीसाठी स्वतःचा शब्द नव्हता असं नाही. चांगले दोन होते. एक ‘एआग-थ्युर्ल’, म्हणजे डोळा-भोक, आणि दुसरा ‘एआग-दुरु’, म्हणजे डोळा-दार. दोन्हींमध्ये डोळा आहे हे लक्षात घ्या. इंग्रजी, नॉर्स, जर्मन यांच्या, म्हणजे जर्मानिक, कुळातली सर्वांत जुनी सविस्तर लिखित भाषा म्हणजे गॉथिक. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला याने त्या भाषेत बायबल आणलं. संत पॉल दमास्कसहून निसटतो तेव्हा त्याला टोपलीत बसवून खिडकीतून तटाखाली सोडतात, असा एक प्रसंग त्यात आहे. तिथे खिडकीला ‘औगादौरो’ म्हटलंय. तेही डोळा-दारच. म्हणजे खिडकीला डोळा म्हणायची कल्पना या भाषांमध्ये आधीपासून रुजलेली होती. नॉर्स लोकांनी तिला वारा जोडला.

‘थ्युर्ल’ची पुढची हकिकत मला ‘विंडो’इतकीच मोलाची वाटते. थ्युर्ल म्हणजे आरपार पाडलेलं भोक. ते ‘थ्रू’, म्हणजे ‘मधून, आरपार’, या शब्दाचंच भावंड. खिडकीच्या कामावरून हा शब्द गेला, पण मेला नाही. नाकाच्या भोकाला जुन्या इंग्रजीत ‘नोस-थ्युर्ल’ म्हणत. त्याचं आज ‘नॉस्ट्रिल’ झालंय. आणि भोक पाडणं, भोसकणं या अर्थाचं त्याचं क्रियापद भावना आरपार जाण्यासाठी वापरलं जाऊ लागलं, ते आजचं ‘थ्रिल’. नाकपुडी आणि थरार यांचा संबंध खिडकीच्या एका हरवलेल्या नावाशी असावा, हे एरवी कोणाला सुचलं असतं?

आता उच्चार. ‘विंदाउगा’चं ‘विंडो’ झालं कसं? दोन स्वरांच्या मधला ‘ग’ मध्ययुगीन इंग्रजीत मऊ पडत गेला आणि शेवटी ‘व’सारखा झाला. विंदाउगा, विंदोघे, विंदोवे, विंडो अशी ती उतरंड. ही एकाच शब्दाला लागलेली लहर असती तर भाषाभ्यासकांनी तिच्यावर विश्वास ठेवला नसता. पण हाच बदल इतर शब्दांतही झाला. नॉर्स ‘फेलागी’चा ‘फेलो’ झाला. जुन्या इंग्रजीतल्या ‘बोगा’चा, म्हणजे धनुष्याचा, ‘बो’ झाला. ‘द्रागन’, म्हणजे ओढणे, याचा ‘ड्रॉ’ झाला. ध्वनी बदलतात ते असे रांगेने बदलतात, आणि व्युत्पत्ती हे अंदाजाचं काम न राहता शास्त्र होतं ते याच नियमितपणामुळे.

‘फेलो’ हाही जोडशब्दच. ‘फे’ म्हणजे धन आणि ‘लाग’ म्हणजे ठेवणं. फेलागी म्हणजे ज्याने आपलं धन दुसऱ्याच्या धनाशेजारी मांडलं तो, भागीदार. त्यातला ‘फे’ आणि आपला ‘पशु’ एकाच मुळाचे. ज्या समाजात गुरंढोरं हीच संपत्ती होती, तिथला हा शब्द. मूळच्या ‘प’चा जर्मानिक भाषांत ‘फ’ होतो, म्हणून तिकडे ‘फे’, इकडे ‘पशु’. ‘हजबंड’मध्येही असाच जोड आहे : ‘हूस’ म्हणजे घर आणि ‘बोंडी’ म्हणजे राहणारा, घर-जमीन बाळगून असलेला माणूस. या ‘बोंडी’च्या मुळाशी संस्कृतातला ‘भू’ धातू, म्हणजे असणे, होणे, याचं नातं आहे. वर आलेल्या गावांच्या नावांतला ‘बी’ही त्याच मुळाचा.

‘विंडो’तला डोळा नॉर्स आहे, इंग्रजी नाही, हे कशावरून? इंग्रजीचा स्वतःचा डोळा म्हणजे जुना ‘एआगे’, आजचा ‘आय’. शब्द घरचा असता तर ‘विंड-आय’सारखं काहीतरी झालं असतं. घरचा डोळा कसा झिजतो ते पाहायचं तर ‘डेझी’ हे फूल पाहावं. त्याचं जुनं नाव ‘दॅगेस एआगे’, दिवसाचा डोळा, कारण ते सकाळी उमलतं आणि रात्री मिटतं. डेझीच्या शेवटी इंग्रजी डोळा आहे, विंडोच्या शेवटी नॉर्स डोळा. मुळात दोन्ही एकच.

खिडकीच्या नावासाठी पुढे एक तिसरा दावेदारही आला. नॉर्मनांच्या फ्रेंचमधून ‘फेनेस्टर’ आला, लॅटिन ‘फेनेस्त्रा’चा वंशज. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो ‘विंडो’च्या बरोबरीने वापरात होता. जर्मनांनी लॅटिनचाच शब्द ‘फेन्स्टर’ म्हणून कायम केला. इंग्रजीत तो हरला, पण एका विचित्र शब्दात तग धरून राहिला. ‘डिफेनेस्ट्रेशन’ म्हणजे माणसाला खिडकीतून बाहेर फेकणं. २३ मे १६१८ रोजी प्रागच्या किल्ल्यात प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन प्रतिनिधींना आणि त्यांच्या चिटणिसाला असंच फेकलं. तिघंही वाचले, पण त्यातून पेटलेलं युद्ध तीस वर्षं चाललं.

पण वाराच का? उजेड का नाही? याचं उत्तर घरात आहे. व्हायकिंगांचं घर म्हणजे लांबलचक, जाड भिंतींचं, मधोमध शेगडी असलेलं दालन. कुठे लाकडाचं, कुठे मातीसकट कापलेल्या गवताच्या चपट्या विटांचं. तिकडच्या थंडीत भिंतीला भोकं पाडणं परवडणारं नव्हतं. जी काही थोडी भोकं असत, त्यांतून धूर जाई, थोडा उजेड येई आणि वारा तर येईच. काच नव्हती. ब्रिटनमध्ये रोमन काळात काचेच्या खिडक्या होत्या, पण रोमन गेले आणि ती कलाही गेली. ६७४ मध्ये स्थापन झालेल्या मंकवेअरमथच्या मठासाठी बेनेडिक्ट बिस्कप याला काच करणारे कारागीर गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, आणावे लागले, असं बीड या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. सामान्य घरांना काच मिळायला त्यानंतरही कितीतरी शतकं गेली. तोवर लाकडी झडपा, तेलात भिजवलेलं कापड, पातळ केलेलं शिंग यांवर भागवावं लागे. काच आल्यावर वारा बाहेर राहिला, पण नाव वाऱ्याचंच राहिलं.

आणि डोळा? लहान गोल भोकाला डोळा म्हणणं आपल्यालाही परकं नाही. नारळाला डोळे असतात, उसाच्या पेराला डोळा असतो.

नॉर्स शब्द फक्त इंग्लंडला गेला नाही. आयर्लंडमध्ये डब्लिन, वॉटरफर्ड ही व्हायकिंगांनी वाढवलेली बंदरं. आयरिश भाषेत खिडकीला आजही ‘फुन्योग’ म्हणतात, तो ‘विंदाउगा’च. डेन्मार्कमध्ये ‘विंदू’ आहे, नॉर्वेतही तसाच. स्वीडनने मात्र लॅटिन वळणाचा ‘फॉन्स्टर’ घेतला, आणि ज्या आइसलंडने जुनी नॉर्स सर्वांत जपली, तिथे खिडकीला ‘ग्लुगी’ असा वेगळाच शब्द आहे. वारसा सांभाळणाऱ्या घरातच ती वस्तू सापडू नये, असं भाषांच्या बाबतीत बरेचदा होतं.

ही झाली जोडणीची वंशावळ, साधारण हजार-बाराशे वर्षांची. आता घटकांकडे वळू. तिथे आपण एकदम पाच-सहा हजार वर्षं मागे जातो.

इंग्रजी ‘विंड’, लॅटिन ‘वेंतुस’ आणि संस्कृत ‘वात’ हे तिन्ही एकाच पूर्वजाचे वंशज. मूळ धातू ‘वाहणे’ या अर्थाचा, संस्कृतात तो ‘वा’ असा दिसतो : ‘वाति’ म्हणजे वाहतो. वारा म्हणजे ‘वाहणारा’. लॅटिनच्या ‘वेंतुस’पासून ‘व्हेंटिलेटर’ आला, आपल्याकडे वायू, वातावरण, संधिवात हे सगळे त्याच धातूचे. ‘निर्वाण’सुद्धा त्याचाच : वाहून-फुंकून विझणं.

या शब्दाचं एक कोडं आहे आणि ते सुटलं कसं ते सांगायलाच हवं. ऋग्वेदात ‘वात’ हा शब्द छंदात बसवताना काही ओळींत एक अक्षर कमी पडतं. ‘वा’ हा ‘व-अ’ असा दोन अक्षरांत म्हटला तरच ओळ पुरी होते. जणू मधलं काहीतरी गळून पडलंय. १८७९ मध्ये फेर्दिनां द सोस्यूर या एकवीस वर्षांच्या स्विस अभ्यासकाचा प्रबंध आला. त्याने केवळ तर्काने मांडलं, की या सगळ्या भाषांच्या मूळ भाषेत असे काही ध्वनी होते जे पुढे जवळजवळ सर्व भाषांतून नाहीसे झाले. पुरावा नव्हता. तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या विटांवरची, याच कुळातली प्राचीन हित्ती भाषा १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी याने उलगडली, आणि १९२७ मध्ये येझी कुरिवोविच या पोलिश भाषाशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की सोस्यूरने सांगितलेल्या जागी हित्ती भाषेत खरोखरच ‘ह’सारखा ध्वनी लिहिलेला आहे. हित्तीत वाऱ्याला ‘हुवंत’ म्हणतात. वैदिक छंदातली पोकळी, एका तरुणाचा तर्क आणि जमिनीखालची वीट यांचा असा मेळ बसणं, हा मानवी विद्येतला फार मोठा क्षण आहे असं मी मानतो.

डोळ्याचं नातं इतकं सरळ नाही. संस्कृत ‘अक्षि’, लॅटिन ‘ओकुलुस’, लिथुआनियन ‘अकीस’, जुनं स्लाव्ह ‘ओको’ हे नियमाने जुळतात. जर्मानिक ‘आउगा’ मात्र नियमाबाहेर जातो, ‘आउ’ हा स्वर तिथे यायला नको होता. तो ‘कान’ या अर्थाच्या शेजारी शब्दाच्या प्रभावाने आला असावा, असं स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे दिलं जातं. त्या भाषांमध्ये कानाला ‘आउसो’सारखा शब्द होता, आणि कान-डोळे जोडीने उच्चारले जातात. ‘अक्षि’चं कुटुंब मराठीत मोठं आहे : प्रत्यक्ष, समक्ष, परोक्ष, साक्षी. ‘ईक्ष्’ हा पाहण्याचा धातूही त्याच घरचा, त्यामुळे परीक्षा, अपेक्षा, निरीक्षण हेही या डोळ्याचे नातलग.

म्हणजे ‘विंडो’मध्ये ‘वात’ आणि ‘अक्षि’ आहेत. मग ‘विंडो’ संस्कृतातून आला का? नाही, आणि हे नीट समजून घेणं आवश्यक आहे. ‘विंड’ आणि ‘वात’ ही चुलत भावंडं आहेत, बाप-लेक नाहीत. दोघांचा पूर्वज तिसराच, लिहिला न गेलेल्या भाषेतला. शिवाय वारा आणि डोळा यांची सांगड घातली ती नॉर्स बोलणाऱ्यांनी, त्या पूर्वज-भाषेनंतर हजारो वर्षांनी. संस्कृतात ‘वाताक्ष’ असा खिडकीचा शब्द रूढ नाही. ‘वातायन’ ऐकायला जवळचा वाटतो, पण त्यात डोळा नाही, ‘अयन’ म्हणजे मार्ग आहे. वाऱ्याची वाट. पाली भाषेत ‘वातपान’ म्हणतात, वाऱ्यापासून रक्षण करणारं. एका शब्दात वाऱ्याला वाट आहे आणि दुसऱ्यात अडसर. खिडकी दोन्ही कामं करते.

डोळा भेटतो तो ‘गवाक्षा’त. गो आणि अक्ष, गाईचा किंवा बैलाचा डोळा. व्याकरणकारांनी या शब्दाची खास दखल घेतली, कारण ‘गो’च्या पुढे ‘अक्ष’ आल्यावर ‘गवाक्ष’ हे रूप पाणिनीच्या एका विशेष सूत्राने सिद्ध करावं लागतं. कार्ले, भाजे, अजिंठा इथल्या चैत्यगृहांच्या दर्शनी भागावर घोड्याच्या नालेसारखी मोठी कमान असते, तिला कलेचे अभ्यासक गवाक्षच म्हणतात. आणि तिकडे फ्रेंच भाषेत लहान गोल खिडकीला ‘अय द बफ’ म्हणतात, म्हणजे बैलाचा डोळा. व्हर्सायच्या राजवाड्यातल्या एका दालनाला अशा खिडकीवरूनच नाव पडलंय. गवाक्षाने फ्रेंचला काही दिलं नाही, फ्रेंचने गवाक्षाला काही दिलं नाही. रशियन, पोलिश, चेक या भाषांमध्येही खिडकी म्हणजे ‘ओक्नो’, आणि तो ‘ओको’वरून, डोळ्यावरून. घराला डोळा आहे असं माणसांना वेगवेगळ्या ठिकाणी आपापलं सुचलं. वंश आणि योगायोग यांत फरक करायचा तो असा, एकेक जोडणी तपासून.

गोव्यात खिडकीला कोकणीत ‘जनेल’ म्हणतात. तो पोर्तुगीज ‘जानेला’, आणि बंगालीतला ‘जानाला’, तमिळमधला ‘जन्नल’ हेही त्याच गलबतांतून उतरले. त्याचं मूळ लॅटिन ‘यानुआ’, म्हणजे दार, त्याचं लहानरूप : छोटं दार. दारांचा रोमन देव यानुस, ज्याच्यावरून जानेवारी महिना आला, तो याच घराण्यातला. गोव्यातल्या जुन्या घरांच्या जनेलांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ, अर्धपारदर्शक चौकोन बसवलेले असत.

अशा चौकोनाला मराठीत तावदान म्हणतात, आणि तावदानही झिजलेला जोडशब्दच आहे. तो फारसी ‘ताबदान’. ‘ताब’ म्हणजे उजेड, तेज, ऊब, आणि ‘दान’ म्हणजे ठेवण्याची जागा, जसं फुलदाणी, अत्तरदाणी यांत. फारसी ‘ताब’चं संस्कृत भावंड ‘ताप’, आणि ‘दान’चं भावंड ‘धान’, जे आपल्या ‘राजधानी’त बसलंय. ही जोडणी इराणात झाली, तिथून दख्खनेत आली, आणि नॉर्स लोकांनी जिथे वारा ठेवला होता तिथे इराण्यांनी उजेड ठेवला.